घरबसल्या यलोस्टोनवर नजर कशी ठेवायची (आणि उगाच घाबरायचं कसं नाही)

पहिल्यांदा अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीचा लाइव्ह सेस्मोग्राम (जमिनीच्या हादऱ्यांचा आलेख) उघडला तेव्हा इकडे पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते आणि एका स्टेशनचा (म्हणजे एका भूकंपमापक यंत्राच्या जागेचा) खालचा अर्धा पट्टा काळाकुट्ट. म्हटलं झालं, फुटतोय हा. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, दोघातिघांनी हात जोडलेले इमोजी टाकले, एकाने विचारलं आपल्या कोयनेला काही होईल का. सकाळी उठून बघतो तर शेजारच्या स्टेशनवर सगळं गार, त्या एकाच ठिकाणी नुसता वारा सुटला होता. त्या ग्रुपवर मला अजूनही ज्वालामुखी म्हणून हाक मारतात.

त्यानंतर हळूहळू शिकलो, आणि जे शिकलो ते इथे लिहितोय. काही विकत घ्यावं लागत नाही, डिग्री लागत नाही, इंटरनेट आणि एक वही पुरते. मी मूळचा कराडकडचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४.२१ ला कोयना हलली तेव्हाच्या गोष्टी आजीकडून इतक्या वेळा ऐकल्यात की जमीन हलणे या विषयाचं वेड तिथूनच लागलं. पण हौशी माणसाला शिकायला यलोस्टोनसारखी जागा नाही, कारण तिथलं जवळपास सगळं मोजमाप लोकांसाठी उघडं ठेवलंय आणि तेही जवळजवळ लाइव्ह.

आधी थोडक्यात, बघतोय काय ते. अमेरिकेत वायोमिंग राज्यात (थोडं मोंटाना आणि आयडाहोत) हे नॅशनल पार्क आहे, १८७२ चं, जगातलं पहिलं. खाली जिवंत ज्वालामुखी. तीन प्रचंड उद्रेक झाले, सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६.३ लाख वर्षांपूर्वी, शेवटच्या वेळी जमीन खचून जो खळगा झाला तो कॅल्डेरा, साधारण ७० बाय ४५ किलोमीटरचा. शेवटचा लाव्हा वाहिला त्यालाही ७० हजार वर्षं झाली. म्हणजे आपल्या हयातीत लाव्हा बघायला मिळणार म्हणून कोणी येत असेल तर त्याने दुसरा छंद शोधावा. इथे बघायचं ते भूकंप, गरम पाणी, आणि जमिनीचं मिलिमीटर-सेंटीमीटरमधलं वर-खाली होणं. १० हजारांवर गरम झरे, वाफेची भोकं, चिखलाच्या उकळत्या कुंड्या आहेत आणि जगातले निम्म्याहून जास्त गीझर (जमिनीतून मधून मधून उसळणारे गरम पाण्याचे कारंजे) एकट्या या पार्कात आहेत.

घड्याळ आधी लावा

ही पायरी सगळे सोडतात आणि मग नोंदी चुकतात. यलोस्टोन माउंटन टाइमवर चालतं. उन्हाळ्यात (मार्च ते नोव्हेंबरची सुरुवात) ते आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, हिवाळ्यात साडेबारा. सेस्मोग्रामवर मात्र बऱ्याचदा यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असतं, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. काही चित्रांवर दोन्ही असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, नीट वाचा. माझा सल्ला, वहीत फक्त यूटीसी लिहा, कारण अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात आणि सहा महिन्यांनी ती नोंद कुठल्या वेळेतली होती हे तुम्हालाच आठवणार नाही. याचा एक फायदा पण आहे, आपण जेवून रात्री साडेनऊला बसतो तेव्हा तिकडे सकाळचे नऊ-दहा असतात, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड असतो. नोकरी सांभाळून करायला एकदम सोयीचा छंद.

सेस्मोग्राम वाचायला शिकणे

पार्कातलं भूकंपमापन यूटा विद्यापीठाची सेस्मोग्राफ स्टेशन्स ही संस्था बघते, आणि यूएसजीएस (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण), विद्यापीठ, पार्क वगैरे मिळून यलोस्टोन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी आहे, २००१ पासून. पार्कात आणि आजूबाजूला चाळीसेक स्टेशन्स आहेत. प्रत्येकाला छोटं नाव. वायएफटी म्हणजे ओल्ड फेथफुल, वायएमआर म्हणजे मॅडिसन नदी, एलकेडब्ल्यूवाय म्हणजे लेक, वायएनआर म्हणजे नॉरिस जंक्शन, वायएचएच म्हणजे होम्स हिल, आणि वायएनएम म्हणजे नॉरिसचं म्युझियम, हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चित्र असतं २४ तासांचं. पुस्तकाच्या पानासारखं वाचायचं, डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. रोज दहा मिनिटं नुसतं बघा, पहिले दोन आठवडे कुठलाही निष्कर्ष काढू नका. खरंच. आपल्या आईला कुकरच्या आवाजावरून कळतं ना आत काय शिजतंय, ते सवयीनेच, तसंच हे. प्रत्येक स्टेशनची स्वतःची एक "गप्प बसलेली" अवस्था असते, ती डोळ्यात बसली नाही तर वेगळं काय झालंय हे कळणारच नाही.

आता आकार. जवळचा छोटा भूकंप म्हणजे एकदम धारदार सुरुवात, मग फुगवटा, मग काही सेकंदांत शेपटी बारीक होत संपते. चित्र मोठं करून बघितलं तर दोन टप्पे दिसतात, आधी पी लहरी येतात आणि मग जास्त जोरात एस लहरी. या दोघींमधले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा, साधारण तितके किलोमीटर लांब भूकंप झाला. म्हणजे ३ सेकंद असतील तर पंचवीसेक किलोमीटर. तीन स्टेशनवरून हे केलं की कागदावर कंपासने तीन वर्तुळं काढा, जिथे छेदतात तिथे आसपास केंद्र. शाळेतली कंपासपेटी पहिल्यांदा खऱ्या कामाला येते. माझी पहिली दहा-बारा वर्तुळं छेदलीच नाहीत, कारण मी एसची सुरुवात उशिरा धरत होतो, ते होतं, सोडू नका.

लांबचा मोठा भूकंप, जपान किंवा चिलीचा वगैरे, एकदम वेगळा दिसतो. सुरुवात हळू, लाटा रुंद आणि संथ, कधी कधी तासभर चालतात, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्याच स्टेशनांवर जवळजवळ एकाच वेळी आणि सारख्याच. नवशिक्यांची निम्मी घबराट इथून येते. सगळीकडे काळं दिसलं की आधी यूएसजीएसच्या जागतिक नकाशावर गेल्या तासाभरात ६ च्या वर काही झालंय का बघा.

आणि मग कचरा. वारा, हा सगळ्यात मोठा चोर, तासन्‌तास पट्टा जाड करतो आणि कडा धारदार नसतात. उन्हाळ्यात गाड्या, त्यामुळे वायएफटी दिवसा कायम केसाळ दिसतं आणि रात्री गप्प होतं. हिवाळ्यात स्नोमोबाइल. लेकच्या बाजूला तळं गोठलं की बर्फ तडकतो, ते छोट्या भूकंपासारखंच दिसतं. गवे, म्हणजे तिकडचे बायसन, हजार किलोच्या आसपासचा प्राणी यंत्राशेजारी चरायला आला की त्याची पण नोंद होते. मध्येच सरळ रेष किंवा मोकळी जागा दिसली तर कोणी काही "लपवलं" नसतं, सोलर पॅनलवर बर्फ साचलेला असतो किंवा रेडिओ लिंक गेलेली असते. ते यंत्र दुरुस्त करायला माणूस बर्फ वितळल्याशिवाय जाऊच शकत नाही. ग्रँट व्हिलेजजवळ जमिनीत खोल बसवलेलं बी९४४ नावाचं यंत्र २०१४ मध्ये बिघडलं होतं तर त्या बिघडलेल्या रेषांवर अमेरिकेत प्रलयाचे व्हिडिओ निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये रस्त्यावरून पळणाऱ्या बायसनचा व्हिडिओ फिरला, की बघा प्राण्यांना कळलं, पळून चाललेत. पार्कवाल्यांनीच सांगितलं की ते पार्काच्या आत पळत होते.

म्हणून एकच नियम पाठ करा: एका स्टेशनवर दिसलं तर दुसऱ्यावर बघा, दुसऱ्यावर दिसलं तर तिसऱ्यावर. तिन्हीवर थोड्या थोड्या सेकंदांच्या फरकाने असेल तर भूकंप. एकावरच असेल तर वारा, गाडी नाहीतर गवा.

कॅटलॉग आणि झुंडी

डोळ्याने पकडलेला भूकंप कॅटलॉगशी (नोंदलेल्या भूकंपांच्या अधिकृत यादीशी) ताडून बघा, हा खरा अभ्यास. यूएसजीएसच्या भूकंप शोधात चौकोन टाकता येतो, यलोस्टोनसाठी अक्षांश ४४ ते ४५.१७ उत्तर आणि रेखांश १०९.७५ ते १११.३३ पश्चिम, पश्चिमेचे रेखांश उणे टाकायचे हं, नाहीतर थेट चीन-मंगोलियाकडचा चौकोन उघडतो आणि तुम्ही विचार करत बसता की आज इथे काहीच कसं नाही. मॅग्निट्यूडची खालची मर्यादा काढून टाका कारण इथले बहुतेक भूकंप २ च्या खालचे असतात.

वर्षाला साधारण १५०० ते २५०० भूकंपांची जागा ठरवली जाते. परत वाचा, वर्षाला. म्हणजे रोज चार ते सात सरासरी, आणि त्यातले जवळपास निम्मे झुंडीने येतात, म्हणजे एकाच भागात काही दिवस किंवा आठवडे टपटप टपटप, एक मोठा आणि मग बाकीचे लहान असं नाही, सगळे भाऊ-भाऊ. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून जे चालू झालं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ही झुंड काय चीज असते ते माहितीये, तिथे ज्वालामुखी नाही तरी झुंड आहे, तेव्हा झुंड म्हणजे लाव्हा हे समीकरण डोक्यातून काढा. यलोस्टोनमध्ये बऱ्याचदा गरम पाणी भेगांमधून सरकतं आणि आधीच ताणलेले खडक घसरतात. २०१७ च्या जूनमध्ये मेपल क्रीकला सुरू झालेली झुंड तीन महिने चालली, २४०० च्या आसपास भूकंप, त्यातला सगळ्यात मोठा ४.४. १९८५ ची त्याहून मोठी होती. दोन्ही वेळा पुढे काय झालं? काही नाही.

दोन खाचाखोचा. ऑटोमॅटिक आलेला आकडा नंतर माणूस तपासतो तेव्हा बदलतो, कधी भूकंपच यादीतून गायब होतो. वहीत दोन रकाने करा, आधीचा आणि तपासलेला, "डिलीट केला रे" म्हणून ओरडू नका. दुसरं, खोली कधी कधी उणे येते, उणे २ किलोमीटर वगैरे. म्हणजे भूकंप हवेत झाला नाही! खोली समुद्रसपाटीपासून मोजतात आणि यलोस्टोनची जमीनच २४०० मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे फार उथळ असेल तर उणे येणारच. आणि ३ आणि ४ मधला फरक एकचा नाही, लाट दहापट मोठी आणि ऊर्जा सुमारे ३२ पट, हे आपल्या न्यूज चॅनलवाल्यांनी कधीच समजून घेतलं नाही, ते अजून रिश्टर स्केलच म्हणतात.

खरा धोका कुठला ते पण सांगतो. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री पार्काच्या पश्चिमेला हेब्गेन लेकला ७.३ चा भूकंप झाला, डोंगराचा कडा मॅडिसन नदीत कोसळला, २८ माणसं गेली, नदी अडून नवीन तलाव तयार झाला. त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत शेकडो गरम झरे आणि गीझर वेडेपिसे झाले. १९७५ मध्ये नॉरिसजवळ ६.१ झाला. म्हणजे लाव्हा नाही, पण मोठा भूकंप कधीही होऊ शकतो, आणि तो झाला की पाणी वागणं बदलतं. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तर ३१०० किलोमीटरवर अलास्कात ७.९ चा डेनाली भूकंप झाला आणि त्याच्या लाटा इथून गेल्यावर इथे छोटे भूकंप सुरू झाले, काही गीझरच्या वेळा बदलल्या. म्हणून कुठेही मोठा भूकंप झाला की पुढचे दोन दिवस गीझरच्या नोंदी नीट ठेवायच्या, हौशी माणसाला यापेक्षा चांगला प्रयोग मिळत नाही.

जमीन किती वर-खाली झाली ते मोजणाऱ्या जीपीएस स्टेशनांबद्दल जास्त लिहीत नाही. व्हाइट लेकचं डब्ल्यूएलडब्ल्यूवाय हे एक स्टेशन महिन्यातून एकदा बघा, पुरे. २००४ पासून २०१० च्या आसपासपर्यंत कॅल्डेरा वर येत होता, सुरुवातीला वर्षाला ७ सेंमीपर्यंत, आणि २०१५-१६ पासून वर्षाला २-३ सेंमीने खाली बसतोय. उन्हाळ्यात बर्फ वितळून जमिनीत पाणी मुरतं तेव्हा ही रेषा थोडी थांबते किंवा वर वळते, दरवर्षी. रोज बघाल तर नुसते ठिपके नाचताना दिसतील.

गरम पाण्याची बाजू, इथे खरी मजा

सुरुवात ओल्ड फेथफुलपासून करा. अप्पर गीझर बेसिनचा लाइव्ह कॅमेरा आहे, तो हलवायला स्वयंसेवक बसलेले असतात. काम एकच, उद्रेक सुरू कधी झाला आणि पाणी किती मिनिटं उडालं ते लिहा. अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला तर पुढचा साधारण ६५-७० मिनिटांनी, जास्त चालला तर ९०-९५ मिनिटांनी. कारण सोपं आहे, जास्त वेळ उडालं म्हणजे टाकी जास्त रिकामी झाली, भरायला आणि तापायला वेळ जास्त. आधी स्वतः अंदाज लिहा, मग बघा दहा मिनिटांच्या आत बसतो का. पहिल्या आठवड्यात मला वाटलं मी फारच हुशार, मग कळलं की रेंजरपण हेच करतात आणि तिकडे पाटीवर लिहून ठेवतात. सुरुवात कुठली धरायची हा वाद आहे, आधी छोटे छोटे उसासे येतात, ते नाही, जो खांब वर चढला आणि खाली पडलाच नाही तिथून घड्याळ चालू. जुन्या पुस्तकात तासाला एक लिहिलेलं असतं ते आता विसरा, १९५९ आणि १९८३ च्या (आयडाहोतला बोरा पीक, ६.९) भूकंपांनंतर मधलं अंतर वाढत गेलंय.

नोंदी गीझरटाइम्स नावाच्या साइटवर टाकता येतात, ॲप पण आहे. तिथली शिस्त शिकण्यासारखी आहे: सुरुवात बघितली की मधूनच बघितलं, डोळ्याने की वेबकॅमवर की यंत्रावरून, हे प्रत्येक नोंदीला चिकटवायचं. उद्रेक चालू असतानाच कॅमेरा उघडला तर तसंच लिहा, "असेल दोन मिनिटांपूर्वी" असं मनानं भरू नका. वर्षानुवर्षांच्या या नोंदी अभ्यासकपण वापरतात.

आता माझं लाडकं, स्टीमबोट. नॉरिसमध्ये आहे, चालू गीझरांमध्ये जगातला सगळ्यात उंच, ९० मीटरच्या वर जातो. लहरी इतका की १९११ ते १९६१ पन्नास वर्षं झोपला होता. मग २०१४ नंतर गप्प असलेला हा बाबा १५ मार्च २०१८ ला उठला आणि त्या वर्षी ३२ वेळा, २०१९ ला ४८, २०२० ला परत ४८ वेळा उडाला. मग थंड होत गेला, २०२१ ला २०, २०२२ ला ११. त्याची वेळ सांगता येत नाही, पण घरी बसून उद्रेक पकडता येतो आणि तो असा:

वायएनएमचा पट्टा उघडा. उद्रेक झाला की एकदम बारीक दाट गुरगुर सुरू होते, वाऱ्यासारखी वाटते पण सुरुवात अचानक असते, आणि आधी पाण्याचा आणि मग वाफेचा टप्पा असल्याने हळूहळू तासन्‌तास ओसरते. वायएनआरवर बघा, तिथे तसं नसेल तर वारा नाही. मग यूएसजीएसच्या नदी-ओढ्यांच्या पानावर टँटलस क्रीक शोधा, नॉरिसचं जवळपास सगळं पाणी या ओढ्यातून जातं. उद्रेकाचं पाणी तिथपर्यंत पोचायला तास-दीड तास लागतो आणि आलेखात एकदम सुळका येतो. विसर्ग क्युसेकमध्येच असतो, आपल्याला क्युसेक म्हटलं की खडकवासल्यातून सोडलेले हजारो आठवतात, इथे ओढाच लहान त्यामुळे एक-दोन क्युसेकची उडीपण ठळक दिसते. पाऊस पडला असेल तर सुळका येतो खरा पण रुंद, आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत रोज दुपारी-संध्याकाळी फुगवटा येतो, तो फसवतो. तिसरी खूण, नॉरिसमध्ये ठिकठिकाणी तापमानाचे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं) ठेवलेत त्यांचे आलेख ऑब्झर्व्हेटरीच्या साइटवर येतात, स्टीमबोटच्या पाटात गरम पाणी आलं की तिथेही उडी. तिन्ही जुळलं की वहीत लाल पेनाने लिहा. मी पहिल्यांदा तिन्ही खुणा स्वतः जुळवल्या त्या पहाटे बायकोला उठवून सांगितलं, तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

त्या तापमानाच्या आलेखांबद्दल एक. लॉगर पाटात ठेवलेले असतात, झऱ्याच्या पोटात नाही, त्यामुळे पाऊस, बर्फ, थंडी सगळं त्यात दिसतं. रात्री उतरतं दुपारी चढतं ते सूर्याचं. आठवडाभर एका दिशेने सरकलं आणि हवेचं तापमान तसं नसेल तरच "काहीतरी" म्हणा. आणि नद्यांचं पाणी बघायचं असेल तर फायरहोल, गिबन, मॅडिसन यांच्या पानावर पाण्याची विद्युतवाहकता दिसते. गरम झऱ्यांतून येणारं क्लोराइड नदीत मिसळतं, ते जास्त तर वाहकता जास्त, म्हणजे अख्ख्या खोऱ्यातून खालून किती गरम पाणी येतंय याचा अंदाज एका ठिकाणी मिळतो. पण नदीला पूर आला की पाणी पातळ होऊन वाहकता पडते, म्हणून विसर्ग आणि वाहकता दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

अमेरिकेत असलेले आपले बरेच लोक उन्हाळ्यात जातातच. डिजिटल इन्फ्रारेड थर्मामीटर न्या, वर्कशॉपवाला, कोविडमधला कपाळाचा नको, तो चाळीसच्या आसपासच थांबतो. बोर्डवॉकवरूनच (लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरूनच) रोखायचा. वाफ मध्ये आली की तो वाफेचं तापमान सांगतो, म्हणून वाऱ्याची झुळूक येऊन पाणी उघडं पडेपर्यंत थांबा, दहा वेळा मोजा, सगळ्यात जास्त आकडा धरा. लांबून मोजलं तर मोठ्या भागाची सरासरी येते, १२:१ चा थर्मामीटर असेल तर १२ फुटांवरून एक फुटाचं वर्तुळ मोजतोय हे लक्षात ठेवा. १०० अंश शोधू नका, त्या उंचीवर पाणी ९३ च्या आसपासच उकळतं, आपल्याकडे डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो तेच कारण.

पाण्यात काहीही बुडवायचं नाही, टाकायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही (बंदी आहे), आणि बोर्डवॉक सोडायचा नाही म्हणजे नाही. पापुद्र्यासारखी जमीन असते, खाली उकळतं पाणी. २० हून जास्त लोक भाजून मेलेत तिथे, २०१६ च्या जूनमध्ये नॉरिसला एक २३ वर्षांचा मुलगा गेला. मॉर्निंग ग्लोरी नावाचा निळाशार डोह लोकांनी नाणी-कचरा टाकून टाकून कडेने पिवळा केलाय. आपल्याकडे कुंडात नाणं टाकायची सवय असते, तिकडे हात खिशात ठेवा.

आणि बोर्डवॉकवर राहूनही सगळं सुरक्षित नाही. २३ जुलै २०२४ ला सकाळी दहाच्या सुमारास बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड डोह फुटला, दगड-चिखल उंच उडाला, बोर्डवॉक मोडला, लोक पळाले, नशिबाने कोणाला लागलं नाही. यंत्रांवर त्याआधी काही इशारा नव्हता. हे फक्त पाणी आणि वाफेचं काम, लाव्हाचा संबंध नाही, १९८९ मध्ये नॉरिसचा पोर्कचॉप गीझरपण असाच फुटला होता. २०२४ च्याच एप्रिलमध्ये नॉरिसला एक छोटा स्फोट झाला तो मात्र इन्फ्रासाऊंडच्या यंत्रांनी पकडला, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज. तेव्हा कोणी तुम्हाला "तू रोज बघतोस ना, मग सांग पुढचा कुठे फुटेल" विचारलं तर सरळ नाही म्हणा. फुटलेलं शोधणं जमतं, फुटायच्या आधी नाही.

स्वतःचं यंत्र?

यलोस्टोन बघायला लागत नाही. पण हात शिवशिवत असतील तर रास्पबेरी शेक नावाचं छोटं यंत्र मिळतं, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणि एक जिओफोन (जमिनीची थरथर पकडणारा सेन्सर), बाहेरून मागवावं लागतं आणि कस्टम ड्युटी वेगळी. मोबाइलच्या सेन्सरवर जाऊ नका, तो फार ठोकळ आहे. तळमजला, फरशीला टेकवून, वॉशिंग मशीनपासून लांब. चौथ्या मजल्यावर ठेवाल तर बिल्डिंगचं डोलणं आणि लिफ्ट मोजाल. माझ्याकडे आहे ते, पुण्यात बसून कोयना-वारणेकडचे साडेतीनच्या वरचे बरेचसे पकडतं, जगातले सातच्या वरचे पण येतात, आणि गणपतीत दहा दिवस निव्वळ ढोल. विसर्जनाचा दिवस अजून जपून ठेवलाय, तसा "भूकंप" यलोस्टोनला झालेला नाही.

पुढे जायचं असेल तर यूएसजीएसचं स्वार्म नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात यलोस्टोनची स्टेशन्स (नेटवर्कचं नाव डब्ल्यूवाय) थेट ओढून आवाजासारखं स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठली कंपनं किती जोरात, याचं रंगीत चित्र) बघता येतं, वारा आणि भूकंप तिथे एका नजरेत वेगळे होतात. पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिता येत असेल तर त्यातलं भूकंपाच्या नोंदी हाताळायचं ऑब्सपाय. पण हे सहा महिन्यांनी. आधी वही.

वहीचे रकाने माझे असे आहेत: यूटीसी वेळ, स्टेशन, काय दिसलं (आकार शब्दात), दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर दिसलं, एस-पी सेकंद, माझा अंदाज, कॅटलॉगमधला आकडा, तपासलेला आकडा, हवा. हवेचा रकाना सगळे विसरतात. "माझा अंदाज" कॅटलॉग उघडायच्या आधी भरायचा, पेनाने, खोडायचा नाही. सोमवारी ऑब्झर्व्हेटरीचा साप्ताहिक लेख येतो आणि महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याचा अहवाल, तो अहवाल आला की आपले आकडे शेजारी मांडून बघायचे, किती सुटले किती उगाच धरले. मी पहिल्या महिन्यात धरलेल्या भूकंपांतले निम्म्याहून जास्त वारा निघाले.

अलर्टची पायरी पण त्याच अहवालात असते, नॉर्मल, ॲडव्हायझरी, वॉच, वॉर्निंग आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायची फारच खाज आली तर आधी तो रंग बघा, हिरवा असेल तर फोन खाली ठेवा.

पार्कात असताना खरंच हादरा जाणवला तर यूएसजीएसच्या डिड यू फील इट पानावर लगेच फॉर्म भरा, कुठे होतात, बसला होतात की उभे, दिवा हलला का, भांडी वाजली का, एवढंच विचारतात, पाच मिनिटं लागतात. आपल्याकडे जाणवला तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं भूकंप ॲप आहे. आणि "काही जाणवलं नाही" हेही डिड यू फील इटवर कळवायचं असतं, शेजारच्याला जाणवलं आणि तुम्हाला नाही तर त्याचाही नकाशा बनवायला उपयोग होतो.